घाटात गाडीचा दम तुटतो, बंद करून चालू केली की पुन्हा ठीक

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं याच जातीचं आहे का ते ताडून बघता येईल. सपाट रस्त्यावर एकट्यानं चालवताना गाडीला काहीही होत नाही. मी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून साताऱ्याच्या एमआयडीसीत रोज जाऊन येतो, त्या रस्त्यावर कधी शंकासुद्धा आली नाही. पण गाडीत पाच माणसं बसली, चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला, की अडीच हजार आरपीएमच्या आसपास कुणी मागून दोर बांधून ओढावं तशी गाडी एकदम जड होते. पाय पार खाली टेकला तरी काटा पुढं सरकत नाही. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. बाजूला घेऊन चावी काढली, दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली, की गाडी पहिल्यासारखी पळते. पुढच्या मोठ्या चढाला पुन्हा तेच.

गाडी २०१४ ची, १.३ लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) व्हेरिएबल जिऑमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्या हलणारा. दुखणं सुरू झालं तेव्हा एक लाख अठरा हजार किलोमीटर झाले होते.

पहिल्यांदा हे झालं ते यवतेश्वरच्या घाटात. सप्टेंबर महिना, कासला फुलं बघायला निघालो होतो. गाडीत आई, मावशी, बायको आणि मुलगी. समर्थ मंदिर सोडून वर चढायला लागलो आणि एका वळणाच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. मागं एसटी, एसटीच्या मागं गाड्यांची रांग. दुसऱ्या गिअरवर आणून कशीबशी वळणाच्या पुढं रुंद जागेत घेतली. मावशी उतरली आणि कुणी न सांगता मागच्या चाकाला दगड लावला. त्यानंतर कुठल्याही चढाला गाडी लागली की आई बोलता बोलता गप्प व्हायची. दोन वर्षं हे चाललं.

दोष शेवटी साधाच निघाला. तो सापडायला दोन वर्षं गेली, कारण प्रत्येक वेळी आम्ही मोजायच्या आधी पार्ट बदलला. तुमचे ते पैसे आणि घाटातली ती भीती वाचावी म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

काय काय बदललं आणि तरी का राहिलं

पहिल्या गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. पाच आठवडे गाडी उत्तम. मग पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजनं हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ सेन्सर, बदलला. साडेचार हजार गेले. दोन महिने बरे गेले आणि पसरणीच्या घाटात, पाचगणीच्या अलीकडं, पुन्हा दिवा लागला. तिसरीकडं सांगितलं की टर्बो गेला, नवा घालावा लागेल, पन्नास हजारांच्या घरात खर्च येईल. मी त्यालाही जवळजवळ तयार झालो होतो.

प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही आठवडे बरी का वाटायची, हे मला फार उशिरा कळलं. एक तर प्रत्येक गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला दोषाचा कोड पुसून टाकला जायचा. आणि दुसरं, दुरुस्तीनंतर महिना-दोन महिने मी एकटाच सपाट रस्त्यावर चालवायचो. ज्या परिस्थितीत दोष दिसतो ती परिस्थितीच येत नव्हती. म्हणून पहिली गोष्ट: दुरुस्ती झाली की त्याच दिवशी, तितकंच वजन घेऊन, त्याच चढावर गाडी नेऊन बघा. गॅरेजच्या दारात रेस देऊन हा दोष कधीच दिसणार नाही. उभ्या गाडीत इंजिनवर लोड नसतो आणि लोड नसला की टर्बो फारसा दाब तयारच करत नाही.

चावी बंद-चालू केल्यावर गाडी सुधारते त्याचं कारणही समजून घ्या. इंजिनचा कॉम्प्युटर सतत दोन आकडे ताडत असतो: टर्बोकडून हवेचा किती दाब मागितला आणि प्रत्यक्षात किती आला. काही सेकंद यात मोठा फरक राहिला की तो इंजिन वाचवायला डिझेल कमी करतो, टर्बो शिथिल सोडतो आणि गाडीला जेमतेम चालण्यापुरती ताकद ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात. चावी बंद करून पुन्हा चालू केली की तो नव्यानं मोजायला लागतो, म्हणून गाडी पळते. कोड मात्र मेमरीत राहतो. थोडक्यात, गाडी बंद-चालू करून बरी होत असेल तर समजा की कॉम्प्युटरनं मुद्दाम ताकद काढून घेतलेली आहे, आणि का काढली हे त्यानं लिहून ठेवलेलं आहे. ते वाचायचं सोडून आम्ही ते पुसत होतो.

आधी खात्री करा की दुखणं इंजिनाचंच आहे

बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं आणि ताकद वाटेत मरते. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा वर जातो, पण वेग वाढत नाही. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगानं जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. काटा झटकन वर पळाला आणि वेग तिथंच राहिला तर क्लच प्लेट संपली. जळका वासही येतो. माझ्या गाडीत उलट होतं, काटा आणि वेग दोन्ही एकत्र अडायचे, म्हणून क्लच सुटला.

ब्रेक जाम असेल तरी गाडी जड चालते. पाच-दहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा आणि थांबून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हाताचा तळवा नुसता धरून बघा, टेकवू नका. एखादं चाक इतरांपेक्षा स्पष्ट तापलेलं असेल तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची वायर अडकलेली आहे. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार दिसतं.

आणि उंचीचा हिशेब धरा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. सातारा शहर सातशे मीटरच्या वर आहे, इथं तो ९२-९३ भरतो. कासच्या पठारावर, बाराशे मीटरच्या आसपास, ८८ च्या जवळ येतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीची ताकद दर शंभर मीटरला ढोबळमानानं एक टक्का कमी होते. म्हणजे कोकणातून महाबळेश्वरला चढणारी छोटी पेट्रोल गाडी वर पोचेपर्यंत तेरा-चौदा टक्के ताकद नुसत्या विरळ हवेत घालवते. तो दोष नाही. पण ही घट हळूहळू येते, एका क्षणात येत नाही, आणि दिवाही लागत नाही.

ताकद कशी जाते, ते नीट बघा

मेस्त्रीकडं जायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहून ठेवा. ताकद एकदम जाते की महिन्यागणिक कमी होत आली? थंड इंजिनला जाते की तापल्यावर? कोणत्या आरपीएमला? आणि धूर कोणत्या रंगाचा?

काळा धूर म्हणजे डिझेल जातंय पण त्याला पुरेशी हवा मिळत नाही. हवेचा गळका पाइप, तुंबलेला एअर फिल्टर, उघडी अडकलेली ईजीआर व्हॉल्व (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) यांपैकी काहीतरी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगांकडं बघावं लागतं. पांढरा, डिझेलचा वास येणारा धूर म्हणजे इंधन न जळताच बाहेर येतंय. आणि धूर अजिबात नाही, दिवा नाही, पण गाडी ओढत नाही, अशी स्थिती असेल तर बहुतेक डिझेलच कमी पोचतंय.

माझ्या गाडीत ताकद एकदम जायची, तापल्यावर आणि लोडवरच जायची, आणि जाण्याच्या आधी मागं काळा भपकारा यायचा. हे मागच्या सीटवर बसणाऱ्या पुतण्यानं सांगितलं. मला आरशात कधी दिसलंच नव्हतं. मला वाटतं, गाडीतल्या सगळ्यांना विचारावं. आईनंही सांगितलं होतं की गाडी दमायच्या आधी ‘फुस्स’ असा आवाज येतो. मी दीड वर्ष तिकडं लक्ष दिलं नाही.

स्कॅनर: कोड पुसायच्या आधी फोटो काढा

हजार रुपयांच्या आत मिळणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की मोबाइलवर कोड आणि चालू आकडे दिसतात. स्वस्त यंत्रं सगळ्या गाड्यांवर चालत नाहीत, म्हणून घेण्याआधी कुणाचं तरी लावून बघा.

माझ्या गाडीत कोड होता पी-०२९९. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब मागितल्यापेक्षा कमी आला. नीट वाचा: ‘टर्बो खराब’ असं तो म्हणत नाही. तिसऱ्या गॅरेजनं हाच कोड बघून टर्बो बदलायला सांगितला होता. कोड लक्षणाचं नाव सांगतो. दाब कमी येण्याची डझनभर कारणं असतात, आणि त्यातलं टर्बो हे सगळ्यात महागडं म्हणून सगळ्यात शेवटी तपासायचं कारण आहे. पी-००८७ आला तर रेलमधला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या पाइपमधला, डिझेलचा दाब कमी पडतोय. पी-०१०१ म्हणजे हवेच्या सेन्सरचा आकडा पटत नाही. पी-०३०० म्हणजे गाडी मिसिंग मारतेय, सिलिंडरमधलं इंधन मधूनमधून पेटत नाही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणी आरपीएम, वेग, लोड आणि पाण्याचं तापमान किती होतं याची नोंद. तिचाही फोटो काढा. कोड पुसला की तीही जाते.

मग चालू आकडे. यातली एक साधी कसोटी फार कामाची आहे. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि इनटेकच्या (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेच्या) दाबाचा आकडा बघा. तो बाहेरच्या हवेएवढाच दिसायला हवा, साताऱ्यात ९२-९३ किलोपास्कल. तिथंच ७५ किंवा ११० दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं मोजमाप वाया. माझा ९३ दाखवत होता. सेन्सर खरा होता.

मग पुतण्याला मोबाइल देऊन शेजारी बसवलं, गाडीत उसाच्या बेण्याची चार पोती टाकली आणि यवतेश्वरला गेलो. चालवणाऱ्यानं मोबाइलकडं बघायचं नाही, घाट आहे. तिसरा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. कॉम्प्युटर मागत होता २१० किलोपास्कलच्या आसपास. प्रत्यक्ष आकडा १४० वर चढला आणि तिथंच घुटमळला. तीन-चार सेकंद, आणि गाडी लिंप मोडमध्ये. त्याच वेळी रेलचा दाब मागितला तेवढा येत होता. एका चढात कळलं की डिझेल बरोबर आहे, हवा पळतेय. जे दोन वर्षांत तीन गॅरेजना सांगता आलं नाही ते दहा मिनिटांत दिसलं.

हवा कुठून पळते

टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इनटेक, असे जाड रबरी होज असतात. लोडवर त्यांच्यात बाहेरच्या हवेवर आणखी एक बारपेक्षा जास्त दाब भरतो. होजला चीर असेल तर आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता इंजिन चालू असताना, तिच्या कडा एकमेकांना चिकटून बसतात. दाब आला की उघडतात, ओठ उघडावेत तशा. म्हणून बॉनेट उघडून उभ्या गाडीत वरवर बघणाऱ्याला काही दिसत नाही.

हे शोधायला आमच्या गावच्या मेस्त्रीमामांनी जी युक्ती केली ती सांगतो. पीव्हीसी पाइपचं टोपण घेतलं, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवला. एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारी नळी काढून तिच्या तोंडात ते टोपण क्लिपनं घट्ट आवळलं. इंजिनमधून त्या नळीत येणारा ब्रीदरचा पाइप सोडून ते भोक बंद केलं, नाहीतर दाब ऑइलच्या भागात जाऊन सील उचकटतात. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हळूहळू हवा भरली, पंधरा पौंडांच्या वर नाही. इंजिन अर्थातच बंद. कुठलीतरी व्हॉल्व उघडी असतेच, त्यामुळं इंजिनमधून थोडी हवा जाण्याचा आवाज येतो, त्यानं घाबरू नका. भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशनं सगळ्या होजना आणि क्लिपांना लावला.

वरून कुठंच फेस फुगला नाही. मामा गाडीखाली शिरले. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, पार बुडाशी, जिथं वाकून हात घातल्याशिवाय पोचता येत नाही, तिथं फेसाचे मोठे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. फडक्यानं पुसलं तर आत काळा चिकट थर, काकवीत माती कालवल्यासारखा. टर्बोतून ऑइलचा अगदी बारीक अंश हवेबरोबर येतो. तो चिरेतून बाहेर पडून तिथं धूळ धरत गेला होता. मामांनी दोन्ही अंगठ्यांनी होज दाबून वाकवला आणि रबर तोंड उघडल्यासारखं फाकलं. अंगठ्याच्या पेराएवढी चीर. ऑइलनं ते रबर आतून मऊ, फुगीर झालं होतं.

म्हणून माझं सांगणं, कुठलाही पार्ट बदलायच्या आधी टॉर्च घेऊन होजच्या खालच्या बाजू बघा. कोरड्या होजवर एकाच जागी ओला, धूळ बसलेला डाग दिसला तर बहुतेक वेळा चोर तिथंच असतो. नवा होज दोन हजारांच्या आत आला. क्लिप नव्या घातल्या, कारण जुन्या घासून सैल झालेल्या असतात. बसवताना होजच्या आत ऑइल राहू दिलं नाही, नाहीतर दाबाला सटकतो.

त्याच संध्याकाळी पोती घेऊन पुन्हा घाट. आकडा २०५ ला पोचला.

तीन महिन्यांनी पुन्हा

फेब्रुवारीत पुन्हा लिंप मोड. कोड तोच, पी-०२९९. खरं सांगतो, फार वाईट वाटलं. पण या वेळी वही होती. आधीच्या नोंदीशी ताडलं तर फरक लगेच दिसला. या वेळी काळा भपकारा नव्हता, फुस्स आवाज नव्हता, आणि अडीच हजारांची वाट न बघता गाडी खालपासूनच मऊ होती. होजला फेस लावून बघितला, एकही बुडबुडा नाही. तोच कोड, पण कारण वेगळं.

या जातीच्या टर्बोत एक डबी असते, अ‍ॅक्चुएटर. तिला बारीक नळीतून व्हॅक्यूम मिळाला की ती दांडी ओढते आणि टर्बोच्या आतल्या पात्या मिटतात, दाब तयार होतो. व्हॅक्यूम नाही तर पात्या उघड्याच राहतात आणि टर्बो नुसता फिरतो. तपासायला हातपंप मिळतो, पण मामांनी जनावरांच्या औषधाच्या दुकानातून साठ मिलीची सिरिंज आणली. नळी काढून डबीला सिरिंज जोडली आणि मागं ओढली. दांडी न अडखळता सरकली आणि मिनिटभर तशीच धरून राहिली. म्हणजे डबी ठीक, पात्याही मोकळ्या. टर्बो बदलायची गरज नव्हती हे तिथंच दुसऱ्यांदा सिद्ध झालं. दांडी अडखळली असती तर पात्यांवर काजळी, आणि सरकून लगेच परत आली असती तर डबीचा पडदा फाटलेला.

मग सिरिंज नळीच्या दुसऱ्या टोकाला लावली. नळी व्हॅक्यूम धरेचना. हातानं चाचपत गेलो तर बॅटरीच्या मागं, वायरिंगच्या आडोशाला, ती कुरतडलेली. शेजारी उंदराच्या लेंड्या आणि उसाच्या पाचटाचे तुकडे.

आमच्याकडं गाडी पडवीत, उसाच्या फडाला लागून उभी असते. जानेवारीत फड तुटला. ऊस उभा असतो तोवर उंदीर त्यात राहतात, तोड झाली की घराकडं, गोठ्याकडं आणि गरम इंजिनकडं येतात. सातारा-सांगलीकडं उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी गळीत हंगामात गाडीची ताकद गेली, वायपर बंद पडले, एखादा दिवा लागला तर आधी हे बघावं. वायर आणि नळ्या दोन्ही कुरतडतात. नळी मीटरवर मिळते, शंभर-दीडशे रुपयांचं काम. फक्त ती व्हॅक्यूमची, जाड अंगाची घ्या. साधी पाण्याची नळी घातली तर आतल्या ओढीनं चपटी होते आणि दोष तसाच राहतो.

हाच व्हॅक्यूम ब्रेकच्या बूस्टरलाही जातो. ताकद गेली आणि सोबत ब्रेकचा पॅडल दगडासारखा घट्ट झाला असेल तर गळती मोठी आहे किंवा व्हॅक्यूम पंपच गेला आहे. तशी गाडी घाटात नेऊ नका, टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढून आणा.

डिझेल कमी पडत असेल तर

वर यवतेश्वरला रेलचा दाब बरोबर आला म्हणून माझ्याकडं हा भाग वाचला, पण गावाकडच्या गाड्यांत हा दोषही नेहमीचा. कॅनमधलं डिझेल, पावसाळ्यात टाकीत उतरलेलं पाणी, यांनी फिल्टर तुंबतो. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर बसतो. फिल्टर नवा असून दाब पडत असेल तर फिल्टरच्या पुढं पारदर्शक नळीचा तुकडा लावून इंजिन चालू करा. बुडबुडे दिसले तर कुठून तरी हवा ओढली जातेय, बहुतेक सैल क्लिप किंवा फिल्टरचं वायसर. तेही नसेल तर इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून बघतात. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजला. हे काम डिझेलच्या जाणत्या मेस्त्रीकडूनच करून घ्या. रेलच्या बाजूचा पोलादी पाइप चालू इंजिनला कधीही सैल करू नये. तिथं शेकडो बारचा दाब असतो, डिझेलची धार कातडीत शिरते आणि बोट कापावं लागण्याची वेळ येते.

पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्या

इथं सुरुवात प्लग आणि कॉइलपासून. लोडवर गाडी झटके देत असेल आणि इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर पळवू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळून तुंबतो. मग हजाराचं काम अनेक हजारांवर जातं. सीएनजीची गाडी असेल तर सोपी कसोटी हाताशी आहे: त्याच चढावर एकदा पेट्रोलवर, एकदा गॅसवर. गॅसवर ताकद थोडी कमी असतेच. पण पेट्रोलवर छान आणि गॅसवर झटके, असं असेल तर प्लग किंवा गॅसचा फिल्टर बघा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोमाची लागते, म्हणून थकलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल आपल्या भागात बरीच चर्चा असते, इथेनॉल आपल्याच उसातून येत असल्यामुळं आणखी जास्त. लिटरमागं इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळं वीस टक्के मिश्रणात लिटरची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. अ‍ॅव्हरेजमध्ये ते जाणवतं. पण चढाला एकदम ताकद जाणं यानं होत नाही. टाकीत पाणी उतरलं असेल तर मात्र इथेनॉल ते ओढून घेतं आणि तळाशी वेगळा थर बसतो. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर हे लक्षात ठेवा.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरणारा डीपीएफ असतो. रोज दोन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो भरत जातो आणि ताकद कमी होते. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणं हायवेला एकसारख्या वेगानं वीसेक मिनिटं न थांबता चालवा, काजळी आतच जळते. दिव्याकडं दुर्लक्ष केलं तर काम शोरूमच्या स्कॅनरवर जातं.

घाटातच ताकद गेली तर

वळणावर थांबू नका. एक गिअर खाली घ्या, अ‍ॅक्सिलरेटर अर्धाच ठेवा. लिंप मोडमधली गाडीही दुसऱ्या गिअरवर हळूहळू चढते. चारी इंडिकेटर लावा, रुंद जागा मिळाली की थांबा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. बंद-चालू करायच्या आधी तापलेलं इंजिन अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या, टर्बोचं ऑइल फिरत राहतं. आणि कोडचा फोटो तिथंच, गाडी बंद करण्याआधी काढा.

मेस्त्रीकडं गेल्यावर ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. ‘तिसऱ्या गिअरला, अडीच हजारांवर, पाच माणसं असताना जाते, आधी काळा धूर येतो, हा कोडचा फोटो’ असं सांगा. आमच्या मामांनी वही वाचली आणि स्पॅनर न उचलता आधी साबणाचा फेस मागितला.

दुसऱ्या दुरुस्तीला आता दीड वर्ष होत आलं. दर दोन महिन्यांनी होजखाली टॉर्च मारून बघतो. तो फाटका होज डिकीत ठेवलाय, कुणी अशी तक्रार घेऊन आला की वाकवून चीर दाखवतो. आणि फड तुटल्यापासून पुढचे दोन महिने रात्री गाडीचं बॉनेट उघडं टाकून ठेवतो. उघड्यावर उंदीर सहसा बसत नाही. आई झोपायला जाताना एकदा बाहेर येऊन बघते, बॉनेट वर आहे ना.